नेपाळचा उंबरठा – गोरखपूर

आमच्या कळंबजवळ, बारामती-इंदापूर रस्त्यावर ‘जंक्शन’ नावाचं गाव आहे. नवख्या माणसाला नाव ऐकून वाटतं, इथे आगगाड्यांची केवढी धावपळ असेल! पण तिथे आज आगगाडी नाही, असते ती एसटी. वालचंदनगरला किंवा कळंबला यायचं तर पुष्कळदा तिथे उतरावं लागतं. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा बार्शीहून माझा भाऊ मला पोचवायला यायचा. त्या फाट्यावर आम्ही चहा घ्यायचो, पिशव्या मोजायचो आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसायचो. इतकी वर्षे झाली, पण ‘मी जंक्शनला गेले होते’ असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिथे आपण नुसती गाडी बदलतो ना!

अशी गावे सगळ्यांच्याच वाटेवर असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेपाळला जाऊन आलो तेव्हा अशाच एका मोठ्या ‘जंक्शन’ची ओळख झाली. भगिनींनो, पशुपतिनाथाबद्दल आणि पोखऱ्याच्या तळ्याबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मी सांगणार आहे ते त्या वाटेवरच्या गोरखपूरबद्दल.

कागदावरची एक ओळ

आमच्या सासूबाईंनी काही वर्षांपूर्वी केदारनाथ केलं. केदारनाथ झालं की पशुपतिनाथाचं दर्शन घ्यावं, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. तेव्हापासून त्यांचा धोशा चालला होता. आमच्या शेजारच्या वहिनी बौद्ध. त्यांना लुंबिनीला जायचं होतं, भगवान बुद्धांचं जन्मस्थान पाहायला. दोन्ही ठिकाणे नेपाळात. तेव्हा दोन घरांनी मिळूनच जावं असं ठरलं. सासूबाई, आमचे हे, मी, आमची तेरा वर्षांची लेक, वहिनी आणि त्यांचे यजमान अशी सहा माणसे.

सहा जणांच्या विमानाच्या तिकिटांचा हिशेब मांडला, तेव्हा आमच्या ह्यांनी वही मिटून ठेवली. मी शाळेत तासिकेवर इतिहास शिकवते. त्या कमाईत विमान कसलं बसतंय? मग आगगाडीने गोरखपूर आणि तिथून मोटारीने सरहद्द, असा बेत ठरला. बिहारमधून रक्सौलकडूनही नेपाळात जाता येतं. पण लुंबिनी गाठायची तर गोरखपूर-सोनौलीचा रस्ता सोयीचा. पुण्याहून आणि मुंबईहूनही गोरखपूरला थेट गाड्या आहेत.

ह्यांनी प्रवासाचा कागद तयार केला. काठमांडूपुढे दहा ओळी, लुंबिनीपुढे चार आणि गोरखपूरपुढे एकच : ‘गाडी बदलणे.’

गाडी कुणाची?

भाऊबीज आटोपून आम्ही निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, उरलेले बेसनाचे लाडू असा फराळ बरोबर होताच. दीड दिवसाचा प्रवास होता, आणि सासूबाई बाहेरचं फारसं खात नाहीत.

डब्यात पाहते तो काय! सहलीला निघालेले आम्हीच सहा जण. बाकी सगळे घरी चाललेले. कुणी पुण्यात फरशी बसवणारा, कुणी रंगारी, कुणी चाकणच्या कारखान्यातला. सोबत बायकामुले, नव्या बादल्या आणि पिशव्यांत खेळणी. छठच्या सणासाठी सगळ्यांची धावपळ चालली होती. आपली दिवाळी झाली की कार्तिक शुद्ध षष्ठीला त्यांचा हा मोठा सण असतो. समोरच्या बाकावरची बाई दोन वर्षांनी सासरी चालली होती. ती सासूबाईंना म्हणाली, “माताजी, छठ में घर न जायें तो साल भर मन नहीं लगता.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतक्या लांबच्या या गाड्या आपल्यासारख्या हौशी माणसांसाठी भरभरून धावत नाहीत. पोटासाठी इकडे आलेल्या माणसांमुळे त्या भरतात. त्यांच्या सोयीच्या गाडीत आपण नेपाळ पाहायला जाऊन बसतो. मग आम्हीही जरा सरकून बसलो. चिवड्याचा डबा चार बाकांवर फिरला आणि त्यांच्याकडची भाजलेल्या मिरचीची चटणी आमच्या दशम्यांवर आली.

दुपारी गोरखपूर आलं. उतरल्यावर लेकीने फलाटाची गोष्ट काढली. तिने ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचली होती. गोरखपूरचा फलाट 1366 मीटर लांब, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर! 2013 पासून काही वर्षे तो जगातला सर्वांत लांब फलाट होता. पुढे कर्नाटकातल्या हुबळीच्या 1507 मीटरच्या फलाटाने त्याचा मान घेतला. “आई, पुस्तक जुनं झालं,” असं म्हणत ती पावले मोजायला लागली, पण सासूबाईंच्या गुडघ्यांनी तो बेत मोडला. 1952 साली पूर्वोत्तर रेल्वे स्थापन झाली तेव्हापासून तिचं मुख्यालय या शहरात आहे. म्हणजे हे खरोखरचं जंक्शन!

आधार चालत नाही

लगेच पुढची मोटार धरायची, असं ह्यांनी कागदावर लिहिलं होतं. पण तो छठचा दिवस. बरेचसे चालक दुपारपासूनच घाटावर निघालेले. म्हातारं माणूस आणि मुलगी घेऊन रात्री सरहद्दीवर पोचू नका, असं दोघातिघांनी बजावलं. मग स्टेशनसमोरच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो.

गोरखपूरच्या स्टेशनाबाहेर काय नाही? लॉज, भोजनालये, गरम कपड्यांची दुकाने, सरहद्दीकडे जाणाऱ्या बसगाड्या, जीपगाड्या सगळं हाकेच्या अंतरावर. नेपाळच्या प्रवाशाला काय काय लागतं ते या गावाला तोंडपाठ आहे. आमच्या लॉजचे व्यवस्थापक वयस्क गृहस्थ होते. सगळ्यांची कार्डे पाहताना त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “नेपाल जा रहे हैं? बहनजी, आपका आधार वहाँ नहीं चलेगा.”

माझ्या तर पोटात गोळाच आला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ कराराप्रमाणे सरहद्द खुली आहे. पण मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदाराचं ओळखपत्र पाहिजे. आधार कार्ड चालतं ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना. म्हणजे सासूबाई सुटल्या, लेक सुटली. ह्यांचं मतदार कार्ड पाकिटात होतं. वहिनी आणि त्यांचे यजमान तर पासपोर्ट काढूनच आलेले. अडकले ती मी एकटी!

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. खरं तर माझंही मतदार कार्ड होतं. पण ते बार्शीचं. त्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचा पत्ता. आधार, बँक, रेशन कार्ड या सगळ्यांवर लग्नानंतरचं नाव लागलं. हे एक मात्र आज बदलू, उद्या बदलू करता करता राहून गेलं. बरोबर तरी कशाला आणलं होतं, म्हणाल तर पर्सच्या आतल्या कप्प्यात वडिलांचा एक लहान फोटो असतो, त्याच्या मागे ते वर्षानुवर्षे पडलेलं. “काय हा जुना पसारा घेऊन हिंडतेस!” म्हणून हे मला नेहमी चिडवायचे.

ते कार्ड काढून दिलं. व्यवस्थापकांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, “कार्ड असली है, फोटो आपकी है. रेशन कार्ड की फोटो मोबाइल में साथ रखिए, पूछें तो दिखाइए.” सासूबाई मागून म्हणाल्या, “बरं झालं बाई, माहेर सोबत आणलंस!” सगळे हसले. मी हसले खरी, पण त्या रात्री मला झोप लागेना. परत फिरवलं तर पाच जणांनी पुढे जायचं की माझ्यासाठी सगळ्यांनी परतायचं? सासूबाईंची इतक्या वर्षांची इच्छा माझ्या आळसापायी राहिली असती तर?

राप्तीचा घाट, नाथांचं मंदिर

त्या दिवशी अडकलो म्हणून छठ पाहायला मिळाली. राप्ती नदीच्या घाटावर केवढी ती गर्दी! बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. हातात सूप आणि सुपात केळी, नारळ, कणकेचे गोड ठेकुए. दीड दिवसाचा निर्जळी उपास असूनही मावळत्या सूर्याला अर्घ्य देताना तोंडावर नुसता आनंद. उसाच्या कांड्या उभ्या करून त्यांचा मांडव केलेला. आमच्या भागात पाहावं तिकडे ऊस, त्यामुळे सासूबाईंचे डोळे लगेच तिकडे. “आपल्याकडे ऊस कारखान्यावर जातो, इथे देवापुढे बसतो,” त्या म्हणाल्या. एका बाईने न विचारताच लेकीच्या हातावर ठेकुआ ठेवला. भाषा एकमेकींना नीटशी कळत नव्हती, तरी दोघी सासवांनी एकमेकींची नातवंडे विचारून घेतली.

सकाळी निघण्याआधी गोरखनाथाच्या मंदिरात गेलो. या गोरखनाथांवरूनच गावाचं नाव पडलं. आपल्याकडे घरोघरी नवनाथांची पोथी लावतात, तेव्हा हे नाव काही परकं नाही. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, गहिनीनाथांनी अनुग्रह दिला तो निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानेश्वर माउलींचे थोरले बंधू आणि गुरू. आळंदीची ओढ असलेल्या आमच्या सासूबाई तिथे हात जोडून किती वेळ उभ्या होत्या!

पण नाथांचं नातं नुसतं आपल्याशी नाही. नेपाळातल्या गोरखा गावाचं नावही गोरखनाथांवरून पडलं, असं मानतात. नेपाळचं शाह राजघराणं त्या गावचं. मकरसंक्रांतीला या मंदिरात खिचडी वाहायची पद्धत आहे. तेव्हा मोठी जत्रा भरते, नेपाळातूनही माणसे येतात आणि नेपाळच्या राजघराण्याकडून खिचडी येण्याची प्रथा सांगतात. गुरू मच्छिंद्रनाथांचा रथ काठमांडूजवळच्या पाटणला निघतो. म्हणजे सहलीच्या मोटारी धावायच्या कितीतरी आधीपासून ही वाट यात्रेकरूंच्या पायाखालची आहे. लॉजवाले आणि जीपवाले मागाहून आले.

सरहद्द

गोरखपूर ते सोनौली शंभराच्या आतच किलोमीटर, पण आम्हाला तीन तास लागले. वाटेत फरेंदा लागलं. तिथल्या स्टेशनाचं नाव वाचून मी ह्यांना हलवून जागं केलं. ‘आनंदनगर जंक्शन’! आमच्या इंदापूर तालुक्यातही जंक्शनला लागून आनंदनगर आहे. इतक्या लांब येऊन तीच पाटी! सरहद्दीजवळच्या नौतनव्याला जाणारा रेल्वेचा फाटा इथून फुटतो. दोन्ही बाजूंना ऊस, उसाने भरलेल्या ट्रॉल्या. लेक म्हणाली, “आई, आपण परत फिरलो की काय?”

सोनौली जवळ आलं तशी मालमोटारींची रांग सुरू झाली. नेपाळला जाणारा कितीतरी माल याच रस्त्याने जातो. मग एक कमान, शिपाई आणि माणसांची अखंड ये-जा. सायकलवाले, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, शाळेची मुले. इतक्या सहज एका देशातून दुसऱ्या देशात जाता येतं, हे डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना. दरवेळी कार्ड पाहतातच असं नाही, असं चालक म्हणाला होता. पण माझ्या नशिबी ते आलंच. अधिकाऱ्याने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “ये नाम तो अलग है?” मी सांगितलं, “मायके का नाम है, साहब. शादी के पहले का.” रेशन कार्डाचा फोटो दाखवला. त्याने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी लगोलग “मेरी बहू है!” म्हणून ठासून सांगितलं, आणि आम्ही सुटलो. त्या दोन मिनिटांत मी किती देवांना हाक मारली ते विचारू नका!

पलीकडे बेलहिया. तिथे घड्याळ पाव तास पुढे करायचं. आपले 100 रुपये म्हणजे त्यांचे 160. 1993 पासून हाच भाव ठरलेला आहे. दुकानदार आधी विचारतात, “आयसी की एनसी?” म्हणजे किंमत भारतीय रुपयांत सांगू की नेपाळी? हे विचारल्याशिवाय काही खरेदी करू नये, बरं का! शंभराच्या नोटा बाळगायला आम्हाला गोरखपुरातच सांगितलं होतं, त्या फार उपयोगी पडल्या.

आम्ही पैसे बदलत होतो तेव्हाची गोष्ट. नेपाळातून भारताकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक टपरीवजा चौकी होती आणि तिथे दोन बायका उभ्या होत्या. पोलीस नव्हेत, साध्याच बायका. एका तरुणाबरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी चालली होती, नवे कपडे, हातात एवढीशी पिशवी. त्या दोघींनी तिला थांबवलं, बाजूला नेलं आणि तिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. तो तरुण जरा वेळ घुटमळला आणि गर्दीत दिसेनासा झाला. मुलगी रडायला लागली, तशी एकीने तिला जवळ घेतलं.

“आई, तिला का थांबवलं?” लेकीने विचारलं. काय सांगायचं, मला सुचेना. वहिनींनीच मला सांगितलं, “सांग तिला. तेराची आहे ती, कळू दे.” मग सांगितलं. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून अशा मुलींना आपल्याकडे आणतात आणि मोठ्या शहरांत विकतात. आपली मुंबईही त्यातून सुटलेली नाही. 1996 साली मुंबईत छापे घालून पुष्कळ मुली सोडवल्या, त्यांत नेपाळच्या कितीतरी होत्या. त्या परत गेल्या तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्यांत अनुराधा कोइराला यांची संस्था होती. त्यांनी 1993 साली काढलेल्या या संस्थेच्या बायका सरहद्दीवर उभं राहून मुलींना वाटेतच थांबवतात. संस्थेचं नाव ‘माइती नेपाल’. आणि नेपाळीत ‘माइती’ म्हणजे माहेर!

खुली सरहद्द म्हणजे किती छान सोय, असं मी पाच मिनिटांपूर्वीच म्हणत होते. तीच सोय त्या तरुणालाही होती. माझ्या कार्डाकडे इतकं निरखून पाहिलं म्हणून मला राग आला होता, तो तिथल्या तिथे निवला. विचारणारं कुणीतरी असावं, हेच बरं.

मायादेवीची वाट

सरहद्दीपलीकडचं मोठं गाव भैरहवा. तिथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. इथे मोठा विमानतळही झाला आहे, 2022 साली सुरू झाला. पण आम्ही गेलो त्या वाटेवर जीप आणि बसच जास्त.

लुंबिनीत सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. 1896 साली तो पुन्हा उजेडात आला. इथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकातला वाटा आठव्या हिश्शावर आणला, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. वर्गात मी अशोक दर वर्षी शिकवते, पण त्या खांबापुढे उभी राहिल्यावर माझं शिकवणं मलाच फिकं वाटलं. 1997 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

मायादेवी मंदिरात जन्मस्थानाची खूण म्हणून एक शिळा जपली आहे. वहिनी तिथे बराच वेळ होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मला ती ठाऊकच नव्हती. मायादेवी कपिलवस्तूहून बाळंतपणासाठी माहेरी, देवदहाला निघाली होती. माहेर गाठायच्या आधीच वाटेत, या बागेत तिला कळा आल्या. “बघ,” वहिनी म्हणाल्या, “राणी असली तरी पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं असं तिला वाटलं. पोचली नाही बिचारी.” बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केलं. वहिनींच्या सासऱ्यांच्या तोंडी सारखी ती आठवण असायची. त्यांची लुंबिनी राहून गेली. वहिनींनी त्यांचा फोटो पिशवीतून काढून क्षणभर स्तंभापुढे धरला. आमच्या सासूबाईंनी आपणहून वहिनींचा हात धरला. दोघी तशाच तळ्याकाठी बसून राहिल्या.

पुढे काठमांडूला सासूबाईंचं पशुपतिनाथाचं दर्शन अगदी मनासारखं झालं. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

परतताना

परतीच्या वेळी ह्यांनीच कागदावर गोरखपूरपुढे दोन दिवस लिहिले! पहिल्या दिवशी कुशीनगरला गेलो. ते गोरखपूरच्या पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटर. इथे बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं. सुमारे सहा मीटर लांबीची, उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती आहे. मस्तकाशी उभं राहावं तर वेगळा भाव, पायाशी उभं राहावं तर वेगळा. जन्म एका बाजूला, निर्वाण दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे जायचं ते गोरखपुरातून.

दुसऱ्या दिवशी गीता प्रेस. 1923 साली सुरू झालेल्या या छापखान्याची पुस्तके आपल्या देवघरांत असतातच, मराठीतही निघतात. सासूबाईंनी स्वतःच्या पैशांनी पाच पुस्तके घेतली, पुढच्या हळदीकुंकवाला वाटायला. इतिहासाची बाई म्हणून मला चौरीचौरा पाहायचं होतं. ते तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. 4 फेब्रुवारी 1922 च्या ज्या घटनेने गांधीजींनी असहकाराची चळवळ थांबवली, ते हे गाव. गोरखपूरजवळच्या औरंगाबाद नावाच्या गावात मातीचे सुंदर घोडे-हत्ती घडवतात. त्यातला एक हत्ती कपड्यांत गुंडाळून कळंबला सुखरूप आणला.

स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. दसरा-दिवाळी आपल्या गावी करून नेपाळी माणसे कामावर परत निघाली होती. पाठीवर पिशव्या, डोळ्यांत झोप. तीही आमच्यासारखी त्या लांबलचक फलाटावर बसलेली. आम्ही पाहुणचार घेऊन निघालेलो आणि ती घरदार मागे ठेवून.

कळंबला आल्यावर महिन्याने बारामतीला नणंदेकडे गेले होते. त्यांच्या इमारतीच्या राखणदाराला सगळे ‘बहादूर’ म्हणतात. मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आले. या वेळी त्याला त्याचं खरं नाव विचारलं. तो आधी गोंधळला, मग सांगितलं. गाव कुठलं विचारलं, तर पाल्पा. सोनौलीवरून पोखऱ्याला जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावरचा तो जिल्हा. मी म्हटलं, “मग तुम्ही गोरखपूरलाच उतरत असाल?” तसा त्याचा चेहरा असा काही उजळला! म्हणाला, “हाँ दीदी, गोरखपूर आया तो समझो घर आ गया. वहाँ से फोन करता हूँ, कि खाना बनाओ.”

मला जंक्शनचा फाटा आठवला. बार्शीहून येताना तिथे उतरले की मीसुद्धा घरी फोन करते, भाताचा कुकर लावायला सांगते.

मैत्रिणींनो, तुम्ही या वाटेने गेलात तर गोरखपूरला निदान एक रात्र राहा. घर सोडण्याआधी मतदार कार्ड किंवा पासपोर्ट काढून पाहा, नाव कुठलं आहे तेही पाहा आणि सध्याचे नियम विचारून घ्या. थंडीत जात असाल तर जाड स्वेटर ठेवा, कारण डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं फार असतं. आणि परत आल्यावर दारातल्या नेपाळी राखणदाराला त्याचं नाव जरूर विचारा.

माझ्या मतदार कार्डावरचं नाव बदलायचा अर्ज मी आता भरला आहे. नवं कार्ड आलं की ते पाकिटात ठेवीन. जुनं मात्र वडिलांच्या फोटोमागेच राहू देणार आहे.